एकोणतीस वर्षांची प्रतीक्षा

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या मुलाचे ग्रीन कार्ड कधी होणार, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर सांगली-जळगावच्या घरांतही नेहमीचा झाला आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने रोजगाराच्या आधारे द्यावयाच्या स्थायी निवास परवान्यांची संख्या वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ठरवली. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक परवाने जाऊ नयेत, अशी मर्यादाही आहे. अर्ज करणारे भारतीय मात्र लाखोंच्या संख्येने आहेत. त्यामुळे त्यांची रांग वर्षांच्या नव्हे, दशकांच्या मापाने मोजावी लागते. या रांगेत उभ्या असलेल्यांना ज्यांचे चरित्र वाचताना आपलीच कहाणी वाचल्यासारखे वाटावे, असे एक गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी त्या देशात उतरले होते. गणितातील डॉक्टरेट मिळवूनही त्यांना कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम व्हावे लागले आणि नागरिकत्वाचा कागद हाती पडेपर्यंत वयाची पन्नाशी उलटली. त्यांचे नाव दलीपसिंग सौंद. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले पहिले भारतीय, पहिले आशियाई आणि पहिले शीख म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. परंतु ते ‘पहिले’ ठरण्यापूर्वी २९ वर्षे कायद्याच्या दृष्टीने उपरेच होते, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या गावी झाला. वडील आणि चुलते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. घरात पैसा होता, शिक्षण मात्र नव्हते. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या या पिढीने मुलांना शिकविण्याबाबत हात आखडता घेतला नाही. लहान वयातच दलीपसिंगांना वसतिगृहात पाठविण्यात आले. पुढे जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकून १९१९ मध्ये ते गणित विषय घेऊन पंजाब विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमृतसरला जालियनवाला बाग घडली. गांधीजींच्या विचारांची ओढ त्यांना होतीच, पण त्याचबरोबर अब्राहम लिंकन आणि वुड्रो विल्सन यांच्या भाषणांनी हा तरुण भारावून गेला होता. लोकशाहीचा देश कसा चालतो ते प्रत्यक्ष पाहावे, असे त्याच्या मनाने घेतले.

घरच्यांना सांगितलेले कारण अधिक व्यवहारी होते. अमेरिकेत जाऊन फळे डबाबंद करण्याचे तंत्र शिकायचे आणि दोन-तीन वर्षांत परतून पंजाबात त्याचा कारखाना काढायचा, असा बेत त्यांनी मांडला. भावाने खर्चाची जबाबदारी घेतली आणि परत येण्याच्या बोलीवर घरातून निरोप मिळाला. परदेशी निघालेल्या किती मुलांनी आपापल्या आईला हेच वचन दिले असेल! सौंद इंग्लंडमार्गे १९२० च्या सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले. कागदपत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांच्याशी हस्तांदोलन केले आणि आता तुम्ही स्वतंत्र देशातील स्वतंत्र माणूस आहात, अशा अर्थाचे चार शब्द तो बोलला. ही आठवण सौंद यांनी आयुष्यभर जपली. त्यावेळी त्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग निषिद्ध पट्टा म्हणून घोषित झाला होता आणि हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. विद्यार्थ्यांना सवलत होती, एवढ्यामुळेच ते दार त्यांच्यासाठी उघडले होते.

सौंद कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात दाखल झाले. स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्यातर्फे हिंदी विद्यार्थ्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या घरात राहण्याची सोय झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत डबाबंद फळांच्या कारखान्यात काम करावे आणि वर्षभराचा खर्च भागवावा, असा क्रम सुरू झाला. नाव शेतकी विभागात घातले होते, पण जीव गणितात रमत होता. अखेर त्यांनी विषय बदलला आणि १९२२ मध्ये एम. ए. व १९२४ मध्ये पीएच. डी. मिळविली. विद्यार्थ्यांच्या हिंदुस्थान असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. जिथे बोलावतील तिथे जाऊन हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडू लागले.

या दोन पदव्यांच्या मधल्या काळातच त्यांच्या भवितव्याचा निकाल वॉशिंग्टनमध्ये लागून गेला. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार केवळ मुक्त गोऱ्या व्यक्तींनाच नागरिकत्व मिळू शकत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. गोरा म्हणजे कोण, हे मात्र कायद्यात कोठेच लिहिलेले नव्हते. काही हिंदी लोकांना स्थानिक न्यायालयांनी नागरिकत्व दिलेही होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झालेल्या भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातील लोकांना कॉकेशियन मानते, तेव्हा थिंड गोरेच ठरतात, असा युक्तिवाद करण्यात आला. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळताना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन, असे म्हटले होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच सदरलँड यांनी थिंड यांच्या प्रकरणात शास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य माणसाची समजूत हा निकष लावला. सामान्य अमेरिकन माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही, म्हणून तो गोरा नाही! कायद्याचा अर्थ तीन महिन्यांत इतका फिरल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

या निकालाने नवे अर्ज तर थांबलेच, पण आधी दिलेली नागरिकत्वेही सरकारने परत घेण्यास सुरुवात केली. पंडित यांच्यावरही खटला झाला. त्यांनी तो स्वतःच्या बुद्धीच्या बळावर लढवून जिंकला. अपील न्यायालयाने १९२६ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिल्यावर ही मोहीम थंडावली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. नागरिकत्व गेले, त्याबरोबर मालमत्ता गेली आणि मायदेशी जाण्यासाठी पारपत्रही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९२४ च्या कायद्याने तर नागरिकत्वास अपात्र असलेल्या कोणत्याही परकीयाला कायमच्या वास्तव्यासाठी देशात पाऊल ठेवण्यासही मनाई केली. जो एकदा बाहेर गेला, त्याला परत येण्याची शाश्वती उरली नाही.

अशा वेळी २५ वर्षांचे डॉ. सौंद विद्यापीठातून बाहेर पडले. विद्यापीठाच्या आवारात त्यांना सन्मान होता. बाहेर मात्र त्यांच्या बुद्धीला गिऱ्हाईक नव्हते. हिंदी माणूस कोणत्याही धर्माचा असो, कॅलिफोर्नियात तो ‘हिंदू’ या एकाच नावाने ओळखला जाई आणि त्या नावात आदर नसे. अध्यापनाची किंवा एखाद्या कंपनीतील गणितज्ञाची जागा मिळण्याचा संभव नव्हता. घरी परत जाण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु इंग्रजी राज्यात परतून काय करायचे, हा प्रश्न होता आणि अमेरिकेवरचा जीवही कमी झाला नव्हता. १९२५ च्या उन्हाळ्यात ते राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या इंपीरियल व्हॅलीत गेले. तिथे काही हिंदी मित्र शेती करीत होते.

हा प्रदेश समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेले वाळवंट आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून तिथे कापूस, लसूणघास, खरबुजे आणि लेट्यूस पिकवितात. उन्हाळ्यात पारा सहज ४५ अंशांच्या वर जातो. पंजाबातील कालव्यांच्या मुलखात वाढलेल्या शेतकऱ्यांना ही भूमी ओळखीची वाटली असल्यास नवल नाही. मात्र ती त्यांच्या नावावर होऊ शकत नव्हती. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना जमीन विकत घेण्यास बंदी होती. १९२० पासून खंडाने घेण्याचीही सोय राहिली नाही. मूळ रोख जपान्यांवर होता. थिंड निकालानंतर हिंदी लोक आपोआपच त्या कचाट्यात सापडले. मग कोणी ओळखीच्या अमेरिकन माणसाच्या नावावर जमीन घेई, तर कोणी अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या तान्ह्या मुलाच्या नावावर. सारा व्यवहार तोंडी शब्दावर आणि भरवशावर चाले. ज्याच्या नावावर जमीन, त्याने डोळे फिरवले तर दाद मागायला न्यायालयाची पायरी चढता येत नसे. पिकाला पाणी देताना त्या माणसाच्या इमानाचीही काळजी वाहावी लागे.

बायका-मुलांना हिंदुस्थानातून आणणे तर अशक्यच होते. या खोऱ्यातील अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या घरांत रोटी आणि तोर्तिया एकाच चुलीवर भाजल्या जाऊ लागल्या. कागदाच्या अभावातून एक अख्खा मिश्र समाज जन्माला आला, तो असा.

सौंद प्रथम कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. दिवसा वजनाचे हिशेब आणि मजुरांची भांडणे, रात्री वाचन, असे त्यांचे आयुष्य सुरू झाले. पुढे वेस्टमोरलँड या छोट्या गावाजवळ त्यांनी स्वतःची शेती सुरू केली. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना या शिकलेल्या ‘हिंदू’चे आधी कुतूहल वाटले. नंतर मैत्री जमली आणि ते त्यांना ‘डॉक’ म्हणू लागले. १९२८ मध्ये चेक स्थलांतरित कुटुंबातील मॅरियन कोसा या विद्यार्थिनीशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी नागरिकत्वास अपात्र असलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही जात असे. १९३१ मध्ये हा नियम रद्द झाला. मॅरियन यांनी तेव्हा काय पत्करले असेल, याची कल्पना एवढ्यावरून यावी. या दांपत्याला एक मुलगा आणि दोन मुली झाल्या. मुले जन्मानेच अमेरिकन होती. घरात उपरा होता तो एकटा बाप.

याच सुमारास कॅथरीन मेयो या लेखिकेच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने हिंदुस्थानविषयी अमेरिकेत पराकोटीचे गैरसमज पसरविले होते. त्याला उत्तर म्हणून सौंद यांनी १९३० मध्ये ‘माय मदर इंडिया’ हे पुस्तक लिहिले. स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्यानेच ते प्रसिद्ध केले. दिवसा शेतावर राबून लिहिलेल्या या पुस्तकात जातिव्यवस्थेपासून हिंदी लोकांच्या अमेरिकेतील स्थितीपर्यंत अनेक विषय येतात. पुस्तक आल्यानंतर व्याख्यानांची निमंत्रणेही वाढली. चर्चच्या सभागृहांत आणि गावोगावच्या मंडळांत बोलून त्यांनी वक्तृत्व कमावले. पुढे तेच त्यांच्या कामी आले.

मात्र शेतीने त्यांना हात दिला नाही. महामंदीत मालाचे भाव कोसळले आणि ते कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे व्हा, असा सल्ला त्यांना मिळाला. कायद्याने ती मुभा परक्यालाही होती. सौंद यांनी ती नाकारली आणि पुढील काही वर्षांत पै पै करून देणी चुकती केली. या एका गोष्टीने खोऱ्यात त्यांची पत जेवढी वाढली, तेवढी डॉक्टरेटने वाढली नव्हती. मतदानाचा हक्क नसताना गावकऱ्यांच्या मनात त्यांचे स्थान अशा रीतीने तयार होत होते. रूझवेल्ट यांच्या धोरणांनी ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे ओढले गेले. निवडणुकांची चर्चा ते हिरिरीने करीत. मतदानाच्या दिवशी मात्र घरी बसत.

आपला कागद आपण होऊन येणार नाही, त्यासाठी कायदाच बदलावा लागेल, हे ओळखून कॅलिफोर्नियातील हिंदी लोकांनी १९४२ मध्ये इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था काढली आणि सौंद तिचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांनी वर्गणी काढावी, सौंद यांनी गावोगाव फिरावे, पत्रे पाठवावीत, खासदारांच्या भेटी घ्याव्यात, असे काम सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये इंडिया लीगचे जे. जे. सिंग हे व्यापारी त्याच कामासाठी वॉशिंग्टनच्या खेपा घालीत होते. काळ अनुकूल होत होता. युद्धात चीन मित्रराष्ट्र ठरल्यामुळे १९४३ मध्ये चिनी लोकांवरील बंदी उठली होती. हिंदी सैनिकही मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढत होते. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ ल्यूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर यांनी विधेयक आणले. ते समितीत अडले, पुन्हा मांडले गेले आणि अखेर २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. हिंदी आणि फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले. हिंदुस्थानातून वर्षाला किती माणसे येऊ शकणार? अवघी १००. चाळीस कोटींच्या देशाला शंभर माणसांचा कोटा ही थट्टाच होती. तरीही वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्यांसाठी हा कायदा म्हणजे नवा जन्म होता.

कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळत नाही. तेव्हाच्या पद्धतीनुसार आधी नागरिक होण्याच्या इराद्याचे निवेदन दाखल करावे लागे. किमान दोन वर्षांनी प्रत्यक्ष अर्ज, त्याला चारित्र्याची ग्वाही देणारे दोन नागरिक साक्षीदार, राज्यघटनेवर तोंडी परीक्षा आणि शेवटी शपथ, असा तो मार्ग होता. बर्कलेचा डॉक्टर, दोन दशकांचा शेतकरी आणि संस्थेचा अध्यक्ष पुन्हा एकदा अर्जदार झाला. या मधल्या काळात हिंदुस्थान स्वतंत्र झाला, फाळणीत पंजाब दुभंगला आणि अमृतसर सरहद्दीवर आले. ज्या देशाचे स्वातंत्र्य मागत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, तो स्वतंत्र झाला तेव्हा ते दुसऱ्या देशाच्या दारात उभे होते. या विसंगतीचा त्यांना त्रास झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

याच कायद्याने पात्र ठरलेले सगळेच शेवटपर्यंत पोचले नाहीत. फॉलिक आम्ल आणि हत्तीरोगावरील औषध ज्यांच्या संशोधनकार्यातून जगाला मिळाले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२० च्या दशकापासून अमेरिकेत होते. गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत हत्तीरोगाच्या मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या डीईसीच्या गोळ्या हे त्यांचेच देणे. ऑगस्ट १९४८ मध्ये ५३ व्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक नव्हते.

१६ डिसेंबर १९४९ रोजी दलीपसिंग सौंद यांनी शपथ घेतली. एलिस बेटावरच्या त्या हस्तांदोलनाला २९ वर्षे होऊन गेली होती.

पन्नाशी उलटलेला माणूस आता स्वस्थ बसेल, असे कोणास वाटले असेल तर तो सौंद यांना ओळखत नव्हता. वर्षभरातच, नोव्हेंबर १९५० मध्ये, वेस्टमोरलँडच्या स्थानिक न्यायाधीशाच्या पदासाठी ते निवडणुकीला उभे राहिले. कॅलिफोर्नियात अशी पदे मतदानाने भरली जात. गावकऱ्यांनी त्यांना निवडूनही दिले. तेव्हा कागद पुन्हा आडवा आला. या पदासाठी उमेदवार निवडीपूर्वी वर्षभर नागरिक असला पाहिजे, असा नियम होता आणि सौंद यांना वर्ष पुरे व्हायला सव्वा महिना कमी पडत होता. वर्षानुवर्षे त्याच खोऱ्यात राहिलेला, सर्वांच्या ओळखीचा, मतदारांनी निवडलेला माणूस सव्वा महिन्यासाठी अपात्र ठरला. कायदा म्हणून ते चूक म्हणता येणार नाही. पण मोजणी १९४९ पासूनच सुरू का व्हावी, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नव्हते. सौंद यांनी ना निषेधसभा घेतली, ना गाव सोडले. १९५२ मध्ये ते त्याच पदासाठी पुन्हा उभे राहिले आणि थोड्या मतांनी का होईना, निवडून आले.

या प्रचारातला एक प्रसंग खोऱ्यात पुढे बरीच वर्षे सांगितला जाई. हॉटेलात चारचौघांत बसले असताना एका विरोधकाने त्यांना खिजवले. तुम्ही न्यायाधीश झालात तर न्यायालयात येणाऱ्यांना पगड्या तुम्ही पुरवणार, की आम्ही विकत आणायच्या, असा त्याचा रोख होता. सौंद शांतपणे उत्तरले, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे एवढेच ते पाहतात. हशा पिकला आणि विषय तिथेच संपला. न्यायाधीश म्हणून गावातील जुगार आणि वेश्याव्यवसायाचे अड्डे मोडण्यात त्यांनी जो कडकपणा दाखविला, त्याने टीकाकारांची तोंडे बंद झाली. चरितार्थासाठी ते रासायनिक खतांचा व्यवसाय करू लागले. इंपीरियल काउंटीच्या डेमोक्रॅटिक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

१९५६ मध्ये रिव्हरसाइड आणि इंपीरियल या दोन काउंटींचा मिळून बनलेला २९ वा मतदारसंघ मोकळा झाला. तेथील रिपब्लिकन खासदार निवृत्त होत होते. सौंद यांनी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागितली, त्याबरोबर पक्षातील प्रतिस्पर्ध्याने न्यायालय गाठले. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला सात वर्षांचे नागरिकत्व असावे लागते, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. १९४९ च्या डिसेंबरात नागरिक झालेल्या माणसाची सात वर्षे १९५६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मतदानाच्या दिवशी, पुरी होत नव्हती. पुन्हा तोच महिन्याभराचा हिशेब! या वेळी मात्र तो त्यांच्या विरोधात गेला नाही. सदस्यांच्या पात्रतेचा निर्णय सभागृहाने करायचा असतो, या कारणाने न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. ३ जानेवारी १९५७ रोजी नवे सभागृह भरेल, तेव्हा सौंद यांच्या नागरिकत्वाला सात वर्षे आणि १८ दिवस झालेले असतील, हे गणित गणिताच्या डॉक्टरांनी आधीच करून ठेवले असणार.

मुख्य लढतीत समोर जॅकलिन कॉक्रन होत्या. आवाजाच्या वेगाची मर्यादा ओलांडणारी पहिली महिला वैमानिक, युद्धकाळातील महिला वैमानिक दलाच्या प्रमुख, कोट्यधीशाच्या पत्नी आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्नेही. स्वतःचे विमान चालवीत त्या प्रचार करीत. सौंद यांचा प्रचार म्हणजे पत्नी, मुले आणि जावई यांनी दारोदार हिंडून मतदारांची नोंदणी करणे. आयझेनहॉवर यांची लाट असलेल्या त्या वर्षी, रिपब्लिकनांचे वर्चस्व असलेल्या मतदारसंघात सौंद निवडून आले. मतांचे अंतर मोठे नव्हते. ज्या राज्याने त्यांना जमीन खंडाने घेऊ दिली नाही, त्याच राज्याचे ते वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी झाले. पहिल्याच कारकिर्दीत परराष्ट्र व्यवहार समितीवर त्यांची नेमणूक झाली.

त्या वर्षाच्या अखेरीस ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावरून उसळलेल्या दंग्याच्या बातम्या ताज्या होत्या. जागोजागी त्यांना वर्णद्वेषाविषयी प्रश्न विचारले जात. सौंद आपल्या निवडीकडे बोट दाखवीत. हे उत्तर खरे होते, पण अर्धे. मतदारांनी त्यांचा वर्ण पाहिला नाही हे जितके खरे, तितकेच कायद्याने तो २३ वर्षे पाहिला हेही खरे. दौऱ्यावर आलेल्या खासदाराने दुसरा अर्धा भाग सांगणे अपेक्षित नव्हते, हे उघड आहे. नागरी हक्कांच्या विधेयकाला त्याच वर्षी त्यांनी दिलेला पाठिंबा मात्र त्यांची जाणीव जागी असल्याचे दाखवतो. भारतात पंडित नेहरूंची भेट झाली आणि छज्जलवड्डीत सारा गाव स्वागताला लोटला. दोन-तीन वर्षांत परततो म्हणून निघालेला मुलगा ३७ वर्षांनी परतला होता, तोही पाहुणा म्हणून.

१९५८ आणि १९६० मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९६० मध्येच त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९६२ च्या मे महिन्यात पक्षाघाताचा झटका आला आणि ज्यांची सारी भिस्त वाणीवर होती, त्यांची वाचाच गेली. त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांचे नाव मतपत्रिकेवर होते, पण प्रचार त्यांना करता आला नाही. ते पराभूत झाले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली आणि भारतातील डॉक्टर-इंजिनीयरांचा ओघ अमेरिकेकडे सुरू झाला. सौंद तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर भारतीय वंशाचा माणूस प्रतिनिधिगृहात निवडून येण्यास २००४ साल उजाडावे लागले. ते होते लुइझियानाचे बॉबी जिंदाल.

२००७ मध्ये सौंद यांचे तैलचित्र वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये लावण्यात आले. त्याआधी, २००५ मध्ये, रिव्हरसाइड काउंटीतील टेमेकुला या गावच्या टपाल कार्यालयाला काँग्रेसच्या कायद्याने त्यांचे नाव देण्यात आले.